जी. एस. वर्ध्याचं की नागपूरचं?

पुलगावहून आपाचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या मुलांचे दाखले तपासत बसलो होतो. जूनचा दुसरा आठवडा. "तू मास्टर आहेस, तूच सांग, नागपूरचं जी. एस. चांगलं की वर्ध्याचं?" मागून दुल्हाभाईंचा आवाज आला, "अरे, जी. एस. तो जी. एस. होता है! नाम एक, डिग्री एक, फिर पैसा क्यों फूंकना?" आणि त्याच्याही मागून भाचीचा, "मामू, और बीबीए?"

भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, मग अकरावी-बारावी वाणिज्य शाखेतून केली. दुल्हाभाईंचं बांगड्या आणि कटलरीचं छोटं दुकान आहे. संध्याकाळी गल्ल्यावर हीच बसते. उधारीची वही तिच्याच अक्षरातली. कोणत्या बाईकडे किती बाकी आहे हे तिला वही न उघडता सांगता येतं. अशा मुलीने वाणिज्य घ्यावं यात घरात दुमत नव्हतं. भांडण पुढच्या पायरीवर होतं. एक जी. एस. वर्ध्यात, पुलगावहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत. दुसरं जी. एस. नागपुरात, म्हणजे होस्टेल आलं. आणि तिसरं नागपुरातलंच एक खासगी कॉलेज, जिथे बीबीए होतं आणि ज्याचं माहितीपत्रक लग्नपत्रिकेपेक्षा जाड होतं. त्याचं नाव इथे घेत नाही.

मला वाटलं, दोन मिनिटांत सांगून मोकळा होईन. पण "दोन्हींचं नाव एकच का?" हा साधा प्रश्न मलाच पडला आणि वर्ध्यात जन्म काढूनही उत्तर धड येत नव्हतं. मग वाचत गेलो. आपाला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. ते उत्तर इथे सविस्तर लिहितो आहे, कारण दरवर्षी जूनमध्ये आपल्यातले चार-पाच पालक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

आधी नावाचं. जी. एस. म्हणजे गोविंदराम सेकसरिया. राजस्थानातल्या नवलगढचा हा माणूस १८८८ साली जन्मला, मुंबईच्या कापूस बाजारात मोठा झाला आणि 'कॉटन किंग' म्हणून ओळखला गेला. १९४६ मध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या नावाने वर्ध्यात वाणिज्य महाविद्यालय आहे, नागपुरात वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय आहे आणि इंदूरला १९५२ पासून चक्क इंजिनिअरिंगची संस्था आहे. म्हणजे पाटीवरचं नाव हे देणगीदाराचं. त्यावरून कॉलेज निवडणं म्हणजे मशिदीतल्या पाण्याच्या टाकीवर कुणाच्या मरहूम वालिदांचं नाव आहे ते वाचून पाणी गोड की खारं हे ठरवण्यासारखं. दुल्हाभाईंना हे पटलं. पण लगेच ते म्हणाले, "फिर भी नागपूरवाला बडा होगा ना, पहले का होगा."

इथे मला पहिला धक्का बसला होता, तोच त्यांनाही बसला. वर्ध्याचं जी. एस. १९४० चं आहे आणि नागपूरचं १९४५ चं. दोन्ही एकाच संस्थेची, शिक्षा मंडळ, वर्धा हिची. म्हणजे थोरलं भावंड आमच्या गावात आहे आणि धाकटं राजधानीत. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी तेव्हा नागपूर होती, विद्यापीठही १९२३ पासून तिथेच होतं. तरी या संस्थेने वाणिज्याचं कॉलेज आधी वर्ध्यात काढलं, नागपुरात पाच वर्षांनी. असं का झालं असेल, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सापडलं तर आज कॉलेज निवडताना काय पाहायचं तेही थोडंफार सापडतं, असं माझं मत झालं आहे.

सोपं उत्तर कापसाचं. वर्धा जिल्ह्याची काळी माती, हिंगणघाटच्या कापसाचं नाव, रेल्वेमार्ग, जिनिंग-प्रेसिंग. कापसामागे मारवाडातून व्यापारी आले. त्यातल्याच बच्छराज यांच्या घराण्यात राजस्थानातलं एक पाच वर्षांचं मूल दत्तक आलं. ते जमनालाल बजाज. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. पुढे लाखोंचा व्यापार केला, पण वाणिज्याचा एकही तास वर्गात बसून ऐकला नाही. अशा माणसाने श्रीकृष्णदास जाजूंसारख्या सोबत्यांना घेऊन १९१४ मध्ये मारवाडी शिक्षा मंडळ उभं केलं. पुढे नावातला 'मारवाडी' गळला. शाळेची मारवाडी विद्यालय ही ओळखही जाऊन नवभारत विद्यालय झालं. जमातीच्या नावाने सुरू झालेली संस्था सगळ्यांची कशी होते याचं हे उदाहरण मला आपल्या अंजुमनवाल्यांना अनेकदा सांगावंसं वाटतं. असो.

पण कापूस तर मुंबईतही होता, किंबहुना सगळा तिथेच जात होता. मुंबईत वाणिज्याचं कॉलेज वर्ध्याच्या बरंच आधी, १९१३ मध्ये निघालं. गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅमच्या नावाचं ते सरकारी कॉलेज. अमेरिकेत तर जोसेफ व्हार्टन नावाच्या धातू-उद्योजकाने फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाला पैसे देऊन १८८१ मध्येच पदवीच्या मुलांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळा काढली होती. जगभर रीत हीच. बंदर, बाजार, कारखाने जिथे असतील तिथे असं कॉलेज निघायचं आणि पेढ्या, बँका, कंपन्यांना लागणारी माणसं तयार करायचं. सिडनहॅममध्ये नोव्हेंबर १९१८ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्र शिकवत होते. कोलंबिया आणि लंडन पाहून आलेल्या या प्राध्यापकाने पाण्याच्या भांड्याला हात लावू नये म्हणून तिथल्या काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली होती. ही गोष्ट मी भाचीला मुद्दाम सांगितली. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळणं वेगळं आणि तिथे माणूस म्हणून बसायला जागा मिळणं वेगळं.

वर्ध्याची गोष्ट या रीतीपेक्षा निराळी आहे. ती समजायला १९३७ मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचं निमित्त धरून वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. तिथून जी निघाली ती 'वर्धा योजना', म्हणजेच नई तालीम. परिषदेने योजना तपशिलात मांडायला एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसैन. त्यांना आपण राष्ट्रपती म्हणून ओळखतो, जामियावाले म्हणून ओळखतो. पण त्यांची डॉक्टरेट कशातली? अर्थशास्त्रातली, बर्लिन विद्यापीठाची, १९२६ ची. फ्रीड्रिश लिस्टचं राष्ट्रीय अर्थव्यवस्थेवरचं जर्मन पुस्तक त्यांनी उर्दूत आणलं. अर्थशास्त्र उर्दूत शिकता येतं आणि शिकवता येतं यावर त्यांचा नुसता विश्वास नव्हता, त्यांनी ते काम हाताने केलं होतं.

समितीतले बाकीचे लोक पाहा. के. टी. शाह अर्थतज्ज्ञ. आणि जे. सी. कुमारप्पा. या कुमारप्पांबद्दल मी वर्ध्यातल्या कोणत्याही मुलाला विचारतो तर मगनवाडीची कमान तेवढी आठवते. तंजावूरचा हा ख्रिस्ती तरुण लंडनला हिशेबतपासनीस झाला, मुंबईत त्याने ऑडिटची पेढी चालवली, मग अमेरिकेला गेला आणि १९२८ मध्ये सिराक्यूज विद्यापीठातून बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची पदवी घेतली. म्हणजे आपली मुलं आज ज्याला बीबीए म्हणतात जवळपास तीच! पुढे कोलंबियात हिंदुस्थानच्या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करताना त्याला दिसलं की या देशाची गरिबी ताळेबंदात वाचता येते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्याने पाहिले आणि त्याच वर्षाच्या शेवटी अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम घेऊन तो वर्ध्याच्या मगनवाडीत आला. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या यांचे हिशेब मांडत बसला. न्यूयॉर्कमध्ये शिकलेला व्यवस्थापनाचा पदवीधर आमच्या गावात एका घाण्यातून किती तेल निघतं आणि पेंड किती उरते हे मोजत होता.

शाळेचा आराखडा करायला बसलेल्या समितीत अर्थशास्त्र आणि हिशेब जाणणारी अशी तीन माणसं असली की काय होतं? त्यांच्या अहवालात सात वर्षांचं सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण आणि हस्तोद्योग होताच, तो आपल्याला पाठ असतो, बीएडच्या परीक्षेत आम्ही तोच लिहिला. पण गणिताच्या भागात त्यांनी व्यापारी व्यवहार आणि हिशेब ठेवण्याचं शिक्षणही घातलं होतं. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला! सूत कातायचं, मग कापूस केवढ्याचा, वाया किती गेला, मजुरी किती पडली हे वहीत लिहायचं.

या योजनेला त्या काळी मुसलमानांतून विरोध झाला, हेही लिहिलंच पाहिजे. आमच्या मध्य प्रांतात पंडित रविशंकर शुक्लांनी शाळांना 'विद्या मंदिर' असं नाव दिलं आणि वाद पेटला. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात त्या तक्रारी आल्या. नावाबद्दलचा आक्षेप मला समजतो. उर्दूचं काय होणार ही भीतीही खोटी नव्हती. पण त्या गदारोळात एक नुकसान झालं. आमच्याच एका अर्थतज्ज्ञाने लिहिलेली, मुलाला हिशेबाची वही हातात देणारी योजना आम्ही नीट वाचलीच नाही. मी स्वतः बीएड होईपर्यंत ती 'गांधींची चरख्याची योजना' म्हणूनच ऐकली होती.

तर १९३७ मध्ये ही परिषद ज्या संस्थेच्या अंगणात झाली, त्याच संस्थेने तीन वर्षांनी वाणिज्य महाविद्यालय काढलं. ते चालवायला प्राचार्य म्हणून होते श्रीमन्नारायण अग्रवाल, जमनालालजींचे जावई, पुढे गुजरातचे राज्यपाल झाले ते. १९४४ च्या जानेवारीत टाटा, बिर्ला वगैरे उद्योगपतींनी 'बॉम्बे प्लॅन' मांडला. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये, भर मोठ्या कारखान्यांवर. त्याच वर्षी वर्ध्याच्या या प्राचार्यांनी 'गांधीयन प्लॅन' लिहिला. दहा वर्षांत साडेतीन हजार कोटी, भर शेती आणि गावच्या उद्योगांवर, आणि प्रस्तावना गांधीजींची. पुस्तकावर लेखकाच्या नावाखाली छापलं होतं, प्राचार्य, सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय, वर्धा. एका तालुक्याएवढ्या गावच्या कॉलेजचा प्राचार्य मुंबईच्या उद्योगपतींसमोर आकडे ठेवून उभा राहतो. आराखड्यात भाबडेपणा आहे, मला तो सगळा पटत नाही. पण वाणिज्य कशासाठी शिकायचं, याबद्दल त्या कॉलेजला स्वतःचं एक मत होतं, हे नक्की.

त्यातला भाषेचा धागा मला सर्वांत जवळचा वाटतो. श्रीमन्नारायण यांनी उच्च शिक्षण मातृभाषेतून व्हावं हा आग्रह धरला, शिक्षणाच्या माध्यमावर पुस्तिकाही लिहिली. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठ मराठी-हिंदी माध्यमाकडे वळलं, ते देशात लवकर वळणाऱ्या विद्यापीठांपैकी होतं. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने तर सुरुवातीपासूनच उर्दूत शिकवायला घेतलं होतं, तर्जुम्याचं खातं काढून अर्थशास्त्राच्या संज्ञा घडवल्या होत्या. मराठवाडा त्या राज्यात होता, त्यामुळे औरंगाबादकडच्या मराठी घरांतल्या कित्येक आजोबांनी अर्थशास्त्र उर्दूत वाचलं.

आज काय आहे? आमच्या शाळेतून निघालेलं मूल अकरावीला जातं आणि पहिल्याच आठवड्यात 'डेबिट-क्रेडिट' ऐकून गांगरतं. इंग्रजी कच्चं, आणि मराठी पुस्तक हाती घ्यायची हिंमत नाही, कारण "वो तो मराठीवालों का है". मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून मागच्या वर्षी मी एक खेळ केला. मराठी हिशेबाच्या पुस्तकातले शब्द फळ्यावर लिहिले आणि विचारलं, यातले आपल्या घरातले कोणते? जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, कर्ज, नफा, दलाल, सराफ, दप्तर. मुलं ओरडायला लागली, "सर, ये तो सब उर्दू है!" हिशेब हा शब्दच अरबीतून आलेला. रोजकीर्द फारसीतून, तेरीज अरबीतून. बहमनी काळापासून दख्खनच्या दरबारांत जमाखर्च फारसीत लिहिला गेला आणि तो लिहिणारे हात बहुतेक मराठी होते, त्यांतून हे शब्द मराठीत मुरले. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्यकारभारातले काही शब्द बदललेही. पण बाजाराने 'जमा' आणि 'बाकी' सोडली नाही ती नाहीच. गंमत म्हणजे नफा आपण अरबीतून घेतला आणि तोटा इथल्याच मातीतला ठेवला!

भाचीला हे फोनवर सांगितलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "मतलब मामू, खतावणी मुझे आती है. बस नाम मालूम नहीं था." तिने वही सहा वर्षं लिहिली होती. तिला विषय येत होता, फक्त आपण जे करतो त्यालाच विषय म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता आजची निवड. वर्ध्याचं जी. एस. आणि नागपूरचं जी. एस. यांत बी. कॉम. ही पदवी तीच, संस्था तीच, विद्यापीठाचं छत्र तेच. फरक शहराचा. नागपुरात सीएच्या फाउंडेशनचे क्लास पायाशी आहेत, कंपन्यांची कार्यालयं आहेत, लहान गावच्या मुलीला चार वेगळी माणसं भेटतात. वर्ध्यात खर्च कमी, घर जवळ. एवढंच म्हटलं तर निवड पैशाची होते, आणि अनेक घरांत ती तशीच होते, त्यात लाज नाही.

बीबीएचं थोडं वेगळं आहे. ते इंग्रजीतलं, व्यवस्थापनाकडे झुकलेलं. २०२४ पर्यंत बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. त्या वर्षी बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी पहिल्यांदा सीईटी झाली. अनेक पालकांना पत्ताच नव्हता. परीक्षा कमी मुलांनी दिली, जागा जास्त, म्हणून पुन्हा एक जादा सीईटी घ्यावी लागली. दुसरीकडे काही कॉलेजांनी बीएमएसची पाटी उतरवून तोच अभ्यास 'बी. कॉम. मॅनेजमेंट स्टडीज' या नावाने सुरू केला, म्हणजे सीईटीची कटकट नको. तेव्हा नाव वाचून फसू नका. आत कोणते विषय आहेत ते सेमिस्टरवार यादी घेऊन वाचा. मी तीन याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा पहिल्या वर्षाचे निम्मे विषय सारखेच निघाले. जाड माहितीपत्रकातले उरलेले विषय आकर्षक होते, पण ते कोण शिकवणार हे एकाही पानावर नव्हतं.

'कोण शिकवणार' या प्रश्नाची मला किंमत कळते, कारण मी ती मोजली आहे. बीएडला मला दोन कॉलेजं लागली होती, दोन्ही सारखीच वाटली. फी पाच हजारांनी कमी होती ते मी घेतलं. वर्षभरात कळलं की यादीतले निम्मे प्राध्यापक फक्त यादीतच आहेत. पाठ नियोजनाच्या वह्या सीनियरच्या वह्यांवरून उतरवल्या, आणि पहिल्यांदा खऱ्या वर्गात उभा राहिलो तेव्हा चाळीस मुलांसमोर मला काय करायचं ते कळेना. ते शिकायला पुढची चार वर्षं गेली, आणि ती माझ्या विद्यार्थ्यांच्या खर्चाने गेली.

म्हणून भाचीला सांगितलं, प्रत्येक कॉलेजात शिकणारी एक तरी मुलगी शोध आणि तिला विचार. अकाउंट्सचे सर कायम आहेत की तासिका तत्त्वावर? वर्षाच्या मध्यात बदलतात का? चाचणीचे पेपर तपासून परत मिळतात का? वर्गात मराठीत शंका विचारली तर सर मराठीत सांगतात का? उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते? प्लेसमेंटमध्ये किती जणांना लागली, असं नको विचारू. मागच्या वर्षी लागलेल्या दोघांची नावं आणि काम कुठलं, असं विचार. एका ठिकाणी या शेवटच्या प्रश्नावर समुपदेशक बाईंनी विषय बदलून कॅन्टीन दाखवलं, असं तिने मला हसत सांगितलं.

यात अजून एक गोष्ट होती जी कुणी बोलत नव्हतं. मीच बोललो. "दुल्हाभाई, मुलगा असता तर वर्ध्याला ठेवला असता?" ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्टर, तुम भी ना." खर्च हे कारण खरं होतं. पण खर्चामागे दुसरं कारण लपलं होतं, ते म्हणजे एकटी मुलगी, होस्टेल, बिरादरी. आपल्या समाजात वीस वर्षांवरच्या दर शंभर माणसांत चारही पदवीधर किंवा पदविकाधारक नव्हते, असं २००६ मध्ये सच्चर समितीने लिहिलं. देशाचा आकडा सातच्या आसपास होता. तो चारचा आकडा 'घराजवळ असेल तर शिकव' या एका वाक्यात अडकलेला मी शाळेत रोज पाहतो. वर्धा निवडायचं तर निवडा, पण ती मुलगी आहे म्हणून निवडलं असेल तर तसं तिला तोंडावर सांगा, शिक्षणाचं कारण पुढे करू नका. त्या रात्री आपाने फोन लवकर ठेवला.

दोन दिवसांनी दुल्हाभाईंचाच फोन आला. नागपूरच्या एका होस्टेलचे दर विचारून आले होते, सरकारी वसतिगृहाची आणि शिष्यवृत्तीची चौकशीही केली होती. "भेज सकते हैं," ते म्हणाले. आवाज जड होता, पण म्हणाले.

आणि मग भाचीने वर्धा निवडलं.

मला वाटलं, बापाची काळजी पाहून माघार घेतली. तसं विचारलंही. ती म्हणाली, नाही मामू, मी दोन्हीकडच्या मुलींशी बोलले. सीए करायचं आहे, त्याला पहिलं वर्ष पायाचं, आणि मला ते मराठीत विचारत विचारत शिकायचं आहे. नागपूरला फायनलच्या वेळी जाईन, तेव्हा अब्बांनी 'भेज सकते हैं' म्हटलेलं लक्षात ठेवा. मी साक्षीदार.

मी स्वतः तिच्या जागी असतो तर नागपूर घेतलं असतं. अजूनही मला तसंच वाटतं. तिला तसं सांगितलंही, ती ऐकून घेते आणि स्वतःचं करते.

तर आता पुलगाव-वर्धा रेल्वेचा पास निघाला आहे. दुकानाची वही तिने नवीन केली आहे, डावीकडे नावे, उजवीकडे जमा. महिनाअखेर तेरीज काढते. पहिल्या महिन्यात चाळीस रुपयांचा फरक आला तेव्हा रात्री साडेदहाला मला फोन करून तो शोधायला लावला. फरक दुल्हाभाईंच्या खिशात सापडला.